ज्याची गाडी, त्याचा घाट

"कुंझुमवरनं पलीकडं उतरलं की उजव्या हाताला वळायचं," मामानं नकाशावर बोट ठेवलं. "मग केलांग, मग बारालाचा, मग तांगलांग. की आलंच लेह."

"आणि परत?" इकबालचाचांनी विचारलं.

"आलो त्याच वाटेनं."

नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला होता. एका कोपऱ्यावर पाना, दुसऱ्यावर ग्रीसचा डबा, तिसऱ्यावर मामीनं पाठवलेल्या भाजक्या शेंगांची परडी, आणि चौथा कोपरा उडू नये म्हणून मी त्यावर कोपर टेकून उभी होते. जयसिंगपुरात एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलं की माणूस पापडासारखा भाजून निघतो. बर्फाच्या गप्पा मारायला मात्र त्याहून चांगली जागा नसेल.

मामा म्हणजे जयकुमार मगदूम. त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. जीप त्यानं लिलावातून जवळजवळ भंगार म्हणूनच आणली आणि एकेक नट बदलत स्वतःच्या हातानं उभी केली. इकबाल जमादार हे त्याचे शाळेपासूनचे दोस्त. कुरुंदवाड रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि मामाकडं जीप आली म्हणून त्यांनीही हट्टानं एक घेतली होती. दोघांनी मिळून सह्याद्रीतला एकही वाईट रस्ता सोडला नव्हता. चांगल्या रस्त्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मी मामाची भाची, त्रिशला. इचलकरंजीला सूतगिरणीत सुताची प्रत तपासायची नोकरी करत होते आणि रविवार आला की या शेडमध्ये हजर असायची.

कुंझुम हे मामाचं जुनं खूळ. स्पिती आणि लाहौल यांच्यामधली ती खिंड त्यानं कुठल्यातरी मासिकातल्या फोटोत बघितली होती, तो फोटो लेथच्या वर चिकटवलेला होता आणि तेलाच्या धुरानं त्यातला बर्फ पिवळा पडला होता. स्वतः बांधलेली गाडी स्वतः चालवत त्या खिंडीवर न्यायची, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. यातला 'स्वतः चालवत' हा भाग महत्त्वाचा, कारण आमच्या शेडचा एक नियम होता. ज्याची गाडी, त्याचा घाट. सपाटीवर कुणीही चालवावी, पण घाट लागला की स्टेअरिंगवर मालकच हवा. आंबा असो, गगनबावडा असो, कितीही थकलेला असो, मामानं आपला घाट कधी कुणाला दिला नव्हता.

तो मी काढून घेतला. आमच्याकडं लग्नकार्यात अजूनही कुणी ना कुणी माझ्या पानात जिलेबी वाढता वाढता ती आठवण काढतंच. म्हणून त्या दिवशी काय झालं ते एकदा नीट सांगते.

"त्याच वाटेनं परत कशाला?" चाचांनी शेंग फोडली. "लेहहून कारगिल, झोजिला, श्रीनगर. काश्मीर बघून खाली उतरू. एवढं वर गेलोच तर."

"श्रीनगरच्या खाली बोगदा आहे. लांबलचक."

"मग? बोगद्यानं काय घोडं मारलंय?"

"डोंगर चढायला निघालोय इकबाल, डोंगराच्या पोटात शिरायला नव्हे."

"अरे पण सफरचंदं..."

"जयसिंगपूरच्या बाजारात मिळत्यात."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. बोगद्याबद्दल मामाचं काहीतरी बिनसलं होतं हे मला ठाऊक होतं. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आला की तो आधी गाडी बाजूला घ्यायचा, चहाची तलफ आली म्हणायचा आणि चहा पिऊन झाला की शेजारी जाऊन बसायचा. "जरा तू घे, माझी पाठ धरल्या." बोगदा सपाटच असल्यामुळं नियमाचाही प्रश्न नव्हता. मला आपली गाडी चालवायला मिळायची, त्यामुळं त्याच्या पाठीची मी कधी फारशी चौकशी केली नव्हती.

मामी ताक घेऊन आली. तिनं नकाशाकडं बघितलं नाही. तिला त्या नकाशातलं एकच कळायचं.

"मुक्काम रोज दिवस मावळायच्या आत ना?"

"रोज," मामा म्हणाला. "आधी जेवण, मग बाकीचं."

"बघा इकबालभावजी. तीन वर्षं झाली, यांनी रात्रीचं जेवण सोडलं ते सोडलंच. आधी अकरा वाजता पिठलं करायला लावायचे मला. आता दिव्याला हात लागायच्या आत ताटावर. आणि कुणी सांगितलं नाही हां, आपणहून! महाराजांसमोर नेम घ्या म्हटलं तर तेवढं नको म्हणतात. दिखावा नको म्हणे."

मामा ग्लासात बघत ताक प्यायला. मामीचं हे कौतुक बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, येणाऱ्या सगळ्या बायकांना पाठ होतं. लेथ आणि जीप यांच्यापलीकडं काही न कळणारा नवरा साठीला टेकल्यावर धर्माला लागला, याचा तिला इतका आनंद होता की त्याआधीचे सगळे गुन्हे तिनं माफ करून टाकले होते.

"वहिनी, एक अडचण हाय," चाचा म्हणाले. त्यांचा सूर चिडवायचा होता. "माझा साडू जाऊन आलाय तिकडं. दोन्ही बाजूचे डोंगर एवढे उंच की दुपारचं पोटात जिरायच्या आत सावली पडत्या म्हणं. दिवस असतोय, पण ऊन नसतंय. मग ह्यानं जेवायचं कधी?"

मामी हसली. मीही हसले. मामाचं बोट स्पितीच्या निळ्या रेघेवरून चाललं होतं, ते तिथंच थांबलं.

"सगळीकडंच?" त्यानं विचारलं.

"काय सगळीकडंच?"

"सावली."

"नदीकडेचा रस्ता हाय लेका. सावली नसंल तर काय मांडव असंल?"

"दिवस असतो ना? मग झालं." मामानं नकाशाची घडी घालायला सुरुवात केली. माझं कोपर अजून त्यावर होतं, ते त्यानं लक्षात घेतलं नाही, आणि कोपऱ्याची एक चिंधी माझ्या कोपराखाली राहिली. "चला, खणीवर जाऊन येऊ. सराव होईल."

मामी आत जाता जाता वळली. "आणि मी काय म्हटलंय ते लक्षात आहे ना? त्रिशला बरोबर असेल तरच. तुम्हा दोघांच्या भरवशावर मी यांना वेशीबाहेर सोडणार नाही. सप्टेंबरात दशलक्षण पर्व झालं की जा, पण पोरगी बरोबर पाहिजे."

"वहिनींचा आमच्यावर विश्वासच नाही," चाचा म्हणाले.

"नाहीच," मामी म्हणाली.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खण होती. पूर्वी खडीचे ट्रक जायचे तो चढ एका बाजूच्या कातळाला धरून वर येत होता. एका हाताला कातळाची भिंत, दुसऱ्या हाताला खाली हिरवं पाणी. ट्रक जायचे बंद झाल्यापासून चढ पावसानं खाल्ला होता आणि त्यामुळंच आमच्या कामाचा झाला होता.

अशा ठिकाणी गाडी एकट्यानं चालवत नाहीत. एक जण खाली उतरतो आणि गाडीकडं तोंड करून पुढं उलटा चालतो. चाकाखाली काय आहे ते त्याला दिसतं, चालवणाऱ्याला दिसत नाही. पंजा डावीकडं, पंजा उजवीकडं, दोन्ही पंजे आपल्याकडं ओढले की ये, मूठ मिटली की थांब. तोंडानं बोलायचं नाही, कारण इंजिनापुढं ऐकू जात नाही. आम्हाला सगळ्यांना हे मामानं शिकवलं. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "डोळे रस्त्यावर नकोत, हातावर." रस्ता बघून माणूस घाबरतो आणि स्वतःचं डोकं चालवतो, असं त्याचं म्हणणं. मामाच्या पुढं चालायचं काम नेहमी माझं होतं. माझ्या बोटानं गाडी बोटभर सरकायची. नाचणाऱ्या माणसांना काय वाटत असेल ते मला त्या चढांवर कळायचं.

चाचा आपली गाडी वर काढून खणीच्या तोंडाशी थांबले. मामा खाली होता. मी दोन्ही पंजे ओढले आणि जीप चढू लागली.

खालचा अर्धा चढ उन्हात होता. तिथं मामानं नेहमीसारखीच चालवली. एक मोठा धोंडा डाव्या चाकाला आडवा होता, मी दोन बोटं उजवीकडं झुकवली आणि त्यानं तो अलगद टाळला. वरून चाचांनी "वा रे वस्ताद!" म्हणून आरोळी ठोकली. पुढं कातळाची सावली सुरू होत होती. मी सावलीत शिरले. जीपही शिरली. तिथं पाण्याच्या बाजूनं चढ तुटला होता, तो मला आधी बघायचा होता, म्हणून मी उजवा हात वर करून मूठ मिटली.

जीप थांबली नाही.

मी मूठ आणखी वर केली. मामाची मान ताठ होती, तोंड माझ्याकडं होतं. जीप संथपणे येत राहिली. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला तशी मी कातळाला अंग घासत बाजूला झाले आणि ओरडले, "मामा, थांब!"

जीप जागच्या जागी थांबली. पाण्याच्या बाजूनं थोडी माती सुटली, आणि खाली खडे पडल्याचा आवाज आला.

"काय झालं रे?" वरून चाचा ओरडले. त्यांना तिथून फक्त जीपचा टप दिसत होता.

"ब्रेक ढिला झालाय!" मामानं ओरडून सांगितलं.

मूठ बघून न लागलेला ब्रेक हाक ऐकल्याबरोबर कसा लागतो, हे मी विचारलं नाही. मी जीपच्या बाजूला गेले, सीटमागची पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायले आणि बाटली मामाच्या पुढं धरली. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. हात काही पुढं आला नाही. मी बाटली तशीच धरून उभी राहिले.

"पाणी घे," मी म्हटलं.

मग त्याचा हात आला. आधी माझ्या मनगटाला लागला, तिथून बाटलीवर.

"खाली घेऊ," मी म्हटलं. "मी तोंडानं सांगते, तू मागं घे."

मी त्याच्या कानाशी चालत राहिले आणि डावं, उजवं, सरळ असं मोठ्यानं सांगत जीप पुन्हा उन्हापर्यंत मागं आणली. वरून चाचांचा आवाज आला, "आज तोंड का चालवालीस गं? हात मोडले काय?"

उन्हात आल्यावर मामानं दोनदा डोळे मिटून उघडले आणि मला म्हणाला, "गुडघ्याला लागलं काय?"

"नाही."

"बघू."

"नाही म्हटलं ना."

आम्ही परत निघालो. ऊन अजून चांगलं होतं. पाठीचा कणा ताठ ठेवून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून त्यानं गाडी घरापर्यंत आणली. मी सगळ्या वाटेवर रस्त्याकडं बघत होते. शेडमध्ये चाचांनी गाडीखाली शिरून ब्रेक तपासला, नळी बघितली, तेल बघितलं आणि बाहेर येऊन डोकं खाजवलं. "ठणठणीत हाय. तुझा पायच म्हातारा झालाय."

"झाला असेल," मामा म्हणाला.

ताटं घराच्या पुढच्या सोप्यावर मांडली होती. सूर्य समोरच्या उसाच्या वर हातभर उरला होता आणि सगळ्या ताटांवर पिवळं ऊन पडलं होतं. चाचांनी जेवायला नको म्हणून नुसता चहा घेतला. मामीनं भाकरी वाढली, मटकीची उसळ वाढली. चाचा पुन्हा कुंझुमवर आले. खिंडीच्या पायथ्याशी लोसरला मुक्काम करायचा, पहाटे नाही, उजाडल्यावर निघायचं, नाले गोठलेले असतात तोवर पार करायचे. कुंझुमवर देवीचं ठाणं आहे, तिथं येणारी प्रत्येक गाडी देवळाला प्रदक्षिणा घालून मगच पुढं जाते. "माणसं नव्हं, गाडी! गाडीसकट फिरायचं. मगदूम, तू तुझ्या जीपला नवरीसारखी नटव."

मामा ऐकत होता. फोटोकडं बघताना व्हायचा तसाच त्याचा चेहरा झाला होता. त्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, उद्या बोलू. मग परवा. मग असंच करत सप्टेंबर उजाडेल, हेही मला दिसलं.

"गाडी मी चालवणार," मी म्हटलं.

"चालव की," मामा म्हणाला. "पंजाबात सरळ रस्ता लागला की देतो."

"तसं नाही. सगळी मी चालवणार. वेशीपासून. कुंझुम, बारालाचा, सगळे घाट. तू शेजारी बसायचं."

चाचा आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडं बघून कप खाली ठेवला. "मस्करी करालीस?"

"नाही."

"ज्याची गाडी, त्याचा घाट. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. या वेळी मोडायचा."

"आणि नाही मोडला तर?"

"तर मी येत नाही."

मी आले नाही तर मामी मामाला सोडणार नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना समजत होतं. मामीच्या हातातली भाकरी टोपल्यावरच राहिली.

"म्हणजे गळ्यावर सुरीच ठेवलीस की," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला त्यांचा रागावलेला आवाज माहीत होता, हा तो नव्हता. "बेटा, जन्मभर वाट बघितली त्यानं या घाटाची. तू अजून तरणीताठी. तुला शंभर घाट मिळतील."

"मला हाच पाहिजे."

"लाज वाटते का गं?" मामी उसळली. "ज्यानं तुला गाडी शिकवली, क्लचवर पाय पुरत नव्हता तेव्हा उशी आणून दिली, त्याच्याच ताटातला घास ओढतेस? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी निघालीस! तुझ्या आईला फोन करून सांगते, थांब."

"सांग."

"आणि उलट बोलते वर!"

मामा जेवत होता. त्यानं उरलेली भाकरी उसळीत कुस्करून खाल्ली, ताटात पाणी घातलं, हात धुतला. सूर्याचा खालचा काठ उसाला टेकला होता. त्यानं खिशातून जीपची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"घे."

"अहो!" मामी म्हणाली.

"हट्टी आहे. आमच्या अक्काचीच पोर ना. अक्कानं माझा भोवरा असाच घेतला होता, अजून दिलेला नाही." तो हसला, अगदी खरं वाटेल असं. "मामा म्हटला की भाचीचा हट्ट आलाच. जाऊ दे."

"तुम्हीच डोक्यावर बसवून ठेवलंय!"

"ठेवलंय खरं."

चाचा उठले. चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरं नाही केलंस." आणि गेले. मला रडू येत होतं. ते आलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून मी आणखी एक भाकरी मागितली. मामीनं ती माझ्या ताटात आपटली.

तिन्हीसांजेला मी शेडमध्ये गेले तेव्हा मामा जीपच्या पायरीवर बसला होता. त्यानं दिवा लावला नव्हता.

"कोण? त्रिशला?"

"मी."

"दिवा लाव. बटण..."

"ठाऊक आहे बटण कुठं आहे ते."

दिवा लागल्यावर तो माझ्या जरा बाजूला बघत होता, तिथून त्यानं नजर माझ्यावर आणली.

"बाटली मुद्दाम धरली होतीस?"

"हो."

"वाटलंच मला. पाणी घे म्हणालीस तेव्हा आवाज कापत होता तुझा." त्यानं हत्यारांच्या पेटीत हात घातला आणि पान्यांच्या खालून एक छोटी बाटली काढली. ती मी आधीही बघितली होती आणि लेथच्या धुळीसाठी काहीतरी असेल असं समजले होते. "काचबिंदू. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. उन्हात काही अडत नाही गं. समोरचं चांगलं दिसतंय. सावलीत शिरलं की मात्र कुणी तोंडावर गोणपाट टाकल्यासारखं होतंय. थोडा वेळ थांबलं तर जरा उजळतं. पण घाटात थोडा वेळ कोण थांबणार?"

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"म्हणजे रात्रीचं जेवण..."

त्यानं मान खाली घातली. "अंधार पडायच्या आत घरी यायला काहीतरी कारण पाहिजे होतं. एकदा म्हटलं, आजपासून रात्रीचं सोडलं. तिला एवढा आनंद झाला की मागं फिरताच येईना. म्हणून महाराजांसमोर नेम नाही घेतला. तिथं खोटं बोलवेना. तेवढं एक खुपतंय मला."

"नेम तर पाळलासच ना?"

"पाळला. पण कशासाठी?"

"आमच्या कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" मी विचारलं.

"येणार कसं?" तो हसला. "मीच शिकवून ठेवलंय ना सगळ्यांना. डोळे रस्त्यावर नकोत, हातावर. तुझा हात दिसला की मला दुसरं काही दिसायची गरजच नव्हती. आज तोही दिसला नाही."

बाहेर मामी भांडी आपटत होती. ती माझ्यासाठीच आपटली जात होती.

"चाचांना सांगू?" मी विचारलं.

"नको. आत्ता गेला तसा परत येईल पळत. रडेल. मग घाटात मला शाल पांघरून बसवेल आणि दर मैलाला विचारेल, दिसतंय का रे, दिसतंय का. मला तिथं मगदूम म्हणून जायचंय, पेशंट म्हणून नाही. आणि तुझ्या मामीला कळलं तर घराबाहेरच पडायला मिळणार नाही." त्यानं बाटली परत पान्यांखाली ठेवली. "पण मग हट्ट तुझाच राहतोय, त्रिशले. बोल तुलाच लागणार. जन्मभर लागेल. आपली माणसं विसरत नाहीत."

"लागू दे. मामी एरवी तरी कुठं ओवाळते मला."

"मला थांबायचं कळत नव्हतं," मामा म्हणाला. "रोज म्हणायचो, हा रविवार शेवटचा. दुपारची मूठ नाही दिसली मला. जेवताना मिटलीस ती दिसली."

मी किल्ली मुठीतच धरली होती. ती मी दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला घेऊन गेले, जीपसकट. सरावासाठी, असं सांगितलं. त्यानंतर मामानं रस्त्यावर गाडी चालवली नाही. भाचीनं घाट तर घेतलाच, वर दारातली गाडीही उचलून नेली, असं मग गावात झालं.

पुढं मामाचे डोळे हळूहळू गेले ते सगळ्यांनी बघितलं. कधीपासून जात होते ते कुणी विचारलं नाही. उलट माझं पाप वाढलं. "डोळे होते तेव्हा एकदा घाटात चालवू दिली असतीस," इकबालचाचा माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात म्हणाले. "आता काय उपयोग?" मामा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि ठेवूनच बसला. मला त्या क्षणी चाचांवर ओरडावंसं वाटलं होतं. आता मामा नाही, मामीही नाही, आणि इकबालचाचा टायरच्या कंपनीच्या कॅलेंडरशिवाय दुसरं काही वाचत नाहीत. म्हणून सांगायला हरकत नाही.

त्या सप्टेंबरच्या शेवटी आम्ही गेलो. लोसरहून उजाडल्यावर निघालो आणि कुंझुमला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मामा सगळी चढण शेजारी बसून बाहेर बघत आला होता. एकदाही त्यानं गिअरबद्दल मला सूचना केली नाही, आणि ते मला फार लागलं. वर पोचलो तर फोटोतलंच सगळं होतं, फक्त बर्फ पांढरा होता. देवळाभोवती रंगीत पताका फडफडत होत्या. चाचांनी प्रदक्षिणा घातली, हॉर्न वाजवला आणि गाडी लावून फोटो काढायला गेले. मी जीप देवळासमोर आणली, थांबवली आणि खाली उतरले.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"इकडं ये. तुझी फेरी."

"मी?"

"ऊन आहे. सपाट आहे. ये."

तो उतरून बॉनेटला हात लावत पुढून फिरून आला. स्टेअरिंगवर बसला. सीट मागं सरकवली, कारण मी ती पुढं घेतली होती. मी जीपच्या पुढं जाऊन उभी राहिले, दोन्ही पंजे वर केले आणि ओढले. जीप निघाली.

मी उलटी चालत होते. पंधरा हजार फुटांवर उलटं चालणं सोपं नसतं. पहिल्या फेरीतच माझा श्वास छातीत मावेना. मामाचे डोळे माझ्या हातांवर होते, अगदी हातांवर. मी पंजा झुकवला की चाक वळत होतं. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर माझे हात भरून आले. ते मी खाली घेतले आणि बाजूला झाले.

जीप थांबली नाही. ती माझ्या शेजारून पुढं गेली, देवळाच्या कोपऱ्याशी नीट वळली आणि पताकांच्या मागं गेली. मी तिथंच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. ती पलीकडून परत आली तेव्हा मामानं मान जराशी वर केली होती आणि तो रस्त्याकडं बघत होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. तो तसाच आणखी एक फेरी गेला.

"दिलीस म्हणायची शेवटी!" चाचा लांबून ओरडले. "मैदानात काय देतीस? घाट द्यायचा होतास!"

तिसरी फेरी संपली तिथं मामानं जीप थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. उतरून थोडा वेळ उभा राहिला आणि त्यानं पश्चिमेला बघितलं. तिकडं रस्ता बातलकडं उतरत होता आणि डोंगराच्या त्या अंगाला ऊन अजून पोचलं नव्हतं.

"पुढचा उतार सावलीत आहे," तो म्हणाला. "घे."

आणि बॉनेटवरून हात फिरवत तो पलीकडं गेला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.